बिनपाण्याची झाडं

"तुम्हांला मारता येणार नाहीत अशी झाडं लावायची आहेत," मी वहिनीला म्हणाले.

ती उताराच्या मध्यावर कमरेवर रिकामी कळशी घेऊन उभी होती. माझ्याकडे न बघता तिने रसूल मुलाणींकडे पाहिलं. मुलाणी नर्सरीवाले, वडूजहून मोटरसायकलवर पहार-कुदळ बांधून आले होते.

"मग धोंडं लावा, वन्सं," ती म्हणाली. "त्यास्नी पाणी लागत न्हाई, शेरडं खात न्हाईत, आन् मेलं म्हणून कुणाचं नावबी येत न्हाई."

मुलाणी खोकले. त्यांनी पहार मुरमात रोवली आणि डोंगराच्या माथ्याकडे बघत राहिले.

याला आता बारा वर्षं झाली. पौष महिना होता. आमचं घर माण तालुक्यात, शिरवडी गावाच्या अगदी शेवटाला. मागच्या दारातून बाहेर पडलं की उतार सुरू होतो. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. त्या उतारावर, दारापासून चाळीसएक पावलं वर, सोनचाफ्याचं वाळलेलं खोड उभं होतं. माझ्या छातीएवढं. त्याच्याखाली आई होती.

आमच्या भागात आता पुष्कळ घरांत रक्षा नदीत सोडत नाहीत. रानात खड्डा घेतात, त्यात रक्षा घालतात आणि वर झाड लावतात. आईच्या अस्थी दादाने माहुलीला संगमावर नेल्या. रक्षेची दोन पोती भरली होती. दादाचं म्हणणं होतं, थोडी खड्ड्यात घालू, बाकीची रानात पसरू. मी नको म्हटलं. आईला अशी वाटून टाकायची नाही, ती सगळी एका जागी राहील, असं सांगितलं. झाड मीच पुण्याहून आणलं होतं. आईचं माहेर पाटणकडचं, धो धो पावसाचं. तिथल्या दारातल्या सोनचाफ्याबद्दल ती या कोरड्या गावात चाळीस वर्षं बोलत राहिली होती.

दोन्ही पोती मी माझ्या हातांनी खड्ड्यात ओतली. वहिनी काहीतरी बोलायला पुढे आली तेव्हा मी तिला हातानेच थांबवलं. आईच्या आजारपणातले तीन महिने सगळं तिने केलं होतं. आईच्या तोंडात शेवटचं पाणी तिने घातलं. मी पोचले तेव्हा आईला अंगणात आणून ठेवलं होतं. निदान तो खड्डा तरी माझा असावा, एवढंच मला तेव्हा हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात गावी आले तर सोनचाफ्याच्या पानांच्या कडा तपकिरी झालेल्या. "यांनी पाणी घातलेलं नाही," मी दादाला म्हणाले. ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं ते मी. नंतर ते भावकीत फिरलं आणि फिरून घरात आलं तेव्हा त्याला चांगले हातपाय फुटले होते. सासू जिवंत असताना करून दाखवलं, गेल्यावर कोण बघतंय. श्रावणात, सगळं गाव हिरवं असताना, झाड गेलं. दादा हायस्कुलात शिक्षक, आधीच कमी बोलणारा. त्याने बायकोला एक शब्द विचारला नाही. फक्त तिच्या हातून वाढून घेणं बंद केलं. जेवायच्या वेळी तो स्वतः उठायचा, टोपल्यातली भाकरी काढायचा, कालवण घ्यायचा आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जेवायचा. हे सहा महिने चाललं होतं.

आणि नऊ दिवसांवर वर्षश्राद्ध होतं. शंभरेक माणूस येणार, मागच्या दारी जाऊन झाड बघणार. म्हणून दादाने मला फोन केला होता. "ते खोड काढ, दुसरं काहीतरी लाव. आणि सगळा उतारच असा लावून काढ की पाण्यासाठी कुणाचं तोंड बघायला नको."

मी ग्रंथालयात नोकरी करते. चार पुस्तकं वाचून मी यादी करून आणली होती.

"वाचा, ताई," मुलाणी म्हणाले.

"घायपात."

"लागंल."

"फड्या निवडुंग."

"त्यो तर कुठंबी लागंल."

"बोगनवेल. शेर. करवंद."

"करवंद हितं न्हाई जमायचं, ती वरच्या अंगाची, पावसाची. बाकीचं लागंल समदं." मुलाणींनी कानाला हात लावून टोपी सरळ केली. "पर ताई, हे कुंपण झालं. बाग कुटं हाय ह्यात?"

"आत्याबाईंच्या उशाला काटं लावायचं म्हणत्यात," वहिनी म्हणाली. आईला ती आत्याबाई म्हणायची.

"काट्यांना पाणी लागत नाही. या घरात तेवढं पुरे आहे."

वहिनीने कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. मी गावी आले की तिच्या कमरेवर कळशी दिसायचीच. मला ते नाटक वाटायचं.

"सीताफळ लावा," ती मुलाणींना म्हणाली.

"हां, ह्ये बोलला," मुलाणी एकदम खुलले. "सीताफळाला शेरडू तोंड लावत न्हाई, पाला कडू असतोय. मुरमात येतंय. दोन पावसाळं काढलं की पुढं तुमचं नावबी इचारत न्हाई. आता खड्डं घेऊन उन्हात तापू द्यायचं, मिरगाला रोपं लावायची. मधनं मधनं निरगुडी टाकू, बांधाला तरवड, माती धरून ठिवंल."

"सीताफळ नको," मी म्हणाले.

"का वो?"

"वहिनींना रस्त्याला बसून विकायला बरी पडतील म्हणून."

"इकीन की," वहिनी म्हणाली. "पुण्यास्नं गिऱ्हाईक तेवढं धाडा."

मुलाणींना हसू आलं आणि त्यांनी ते मिशीत ठेवलं. वहिनी हसली नाही. ती उतरून चार पावलं खाली गेली आणि थांबली.

"वन्सं, एक इचारायचं हुतं. श्राद्धाचा सैपाक अनुसयाकाकी करणार म्हणं."

"हो."

"ह्या घराची सून मी हाय."

"दादाने ठरवलंय."

"त्यांनी ठरवलं, का तुम्ही?"

अनुसयाकाकी आमची धाकटी चुलती. तिचं नाव मी सुचवलं होतं. दादा त्यावर फोनवर फक्त "बरं" म्हणाला होता. आमच्याकडे वर्षश्राद्धाचा स्वयंपाक सुनेच्या हातचा असतो. सून घरात धडधाकट असताना चुलती चुलीपुढे बसली, तर येणाऱ्या शंभर माणसांना काही सांगावं लागत नाही. ते मला पुरतं माहीत होतं.

"आईला पाणी मिळालं नाही," मी म्हणाले. "त्यांच्या हातचं तिला कशाला जेवायला घालायचं, असं लोक म्हणतात."

"त्यांच्या म्हंजी माझ्या."

"हो."

तिने मान हलवली, जणू किराणा दुकानात भाव विचारला आणि तो ऐकला. "च्या ठिवते," असं मुलाणींना म्हणून ती खाली निघून गेली.

मुलाणी वाळलेल्या खोडाशी गेले. उकिडवे बसले. झाडाभोवतीचं आळं त्यांनी हाताने चाचपलं, मग बोटाने उकरलं. बोट चिखलाचं निघालं.

"ह्याला पाणी कोण घालतंय?"

"कुणी नाही. त्याचंच तर सगळं झालंय."

"ताई, पौषात हितं कुत्र्याला चाटायला पाणी न्हाई. आन् ह्यो चिखल हाय." त्यांनी आळ्याच्या कडेचं गवत दाखवलं. सगळा उतार पिवळा पडला होता आणि खोडाभोवती हातभर हिरवं कडं होतं. ते मी सकाळपासून पाहत होते. पण पाहिलं नव्हतं. "रोज घातल्याबिगर असं ऱ्हात न्हाई. वरसभर घातलंय कुणीतरी."

"मग मेलं कसं?"

ते कुदळीने कडेकडेने माती ओढायला लागले. एक वीत खाली गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. त्यांनी माती हाताने बाजूला सारली. खाली करडा-पांढरा थर होता, भिंतीच्या गिलाव्यासारखा घट्ट. त्यांनी पहार घातली तेव्हा त्याचे तुकडे निघाले. मग त्यांनी खोड हलवून उपटलं. ते सहज आलं. त्याची मुळं बोटाएवढीच राहिली होती, काळी, टोकांना जळालेल्या वातीसारखी.

"किती घातली हुती?" मुलाणींनी विचारलं.

"काय?"

"रक्षा."

"सगळी."

"समदी म्हंजी?"

"दोन पोती."

 मग हातातला तुकडा त्यांनी चुरडला, अंगठ्याने बोटांवर घासला आणि हात बाजूला पुसला. आईच्या रक्षेचा हात त्यांनी माझ्यासमोर धोतराला पुसला नाही, मुरमावर पुसला, हे मला नीट आठवतं.

"लई जणांनी बोलावलंय मला अशा झाडांसाठी. जगलेलीबी हायती. मूठभर घालायची, ती मातीत कालवून, आन् मुळापास्नं लांब. राख तिखट असती, ताई. चुन्यावानी. तुम्ही रोपाला चुन्यात बशिवलं. खाली कातळ, पाणी मुरायला जागा न्हाई. जेवढं वरनं पाणी घातलं तेवढी ती भिजून घट होत गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "तुम्हांस्नी कुणी सांगितलं न्हाई, त्याला तुम्ही तरी काय करणार."

मी पुस्तकांतून वाचलं होतं की सोनचाफ्याला निचऱ्याची जमीन लागते. शेणखत किती, ऊन किती, सगळं वाचलं होतं. रक्षेबद्दल कुठल्याच पुस्तकात नव्हतं. किंवा होतं आणि मी ते पान उघडलं नव्हतं.

"हे दादाला सांगायचं का?" मी विचारलं.

"मी झाडाचं सांगितलं. माणसांचं तुम्ही बघा."

मग ते कामाची भाषा बोलायला लागले. रक्षा सगळी बाहेर काढायची. उतारावर सीताफळासाठी वीस खड्डे घ्यायचे, प्रत्येकात मूठभर रक्षा, तीही दोन घमेली मातीत कालवून, उरलेली उतारभर पसरायची. आईच्या खड्ड्यात नवी माती भरायची आणि पांढऱ्या चाफ्याची फांदी लावायची. ती त्यांनी बरोबर आणली होती, पोत्यात गुंडाळून. हातभर लांब, पानं नसलेली, करडी.

"ही तर काठीच आहे," मी म्हणाले.

"हिवाळ्यात जिता काय न् मेला काय, काठीच दिसतो. चैतात पालवंल. आन् ह्याला पाणी घालायचं न्हाई बरं का. घातलं की कुजतोय."

शनिवार होता. सकाळची शाळा सुटली आणि साडेअकराला दादा मागच्या दारातून वर आला. त्याच्यामागे वहिनी, हातात चहाचं ताट. दादाने उपटलेलं खोड पाहिलं. आईच्या खड्ड्याच्या काठावर रक्षेच्या ढेकळांचा ढीग पाहिला. पायातल्या चपला काढून तो उभा राहिला.

"मुलाणीभाई, काय झालं होतं याला?"

मुलाणींनी चहाची कपबशी उचलली. "ताईंना सांगितलंय समदं."

दादा माझ्याकडे वळला. वहिनी ताट धरून त्याच्यामागे उभी होती. तिचा चेहरा मला त्याच्या खांद्यावरून दिसत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. वाट बघणारं माणूस बघतं तशी.

"पाणी," मी म्हणाले. "पाण्याचंच झालं."

"ठाऊकच होतं," दादा म्हणाला.

मुलाणी चहा प्यायले. वहिनीने नजर खाली घेतली आणि माझ्यापुढे ताट धरलं. त्यात एकच कप उरला होता. मी तो घेतला.

"आणि हे बाहेर का काढलंय?" दादाने ढिगाकडे हात केला.

"वीस खड्डे घेतोय. सगळ्यांत मूठमूठ घालायची. आई एकाच जागी नको." शब्द आपोआप येत होते, आणि चांगले येत होते. "सगळा उतारच तिचा होईल, दादा."

दादाचे डोळे भरले. आई गेली तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "तुला सुचतं बाई," तो म्हणाला. "शिकल्याचा काहीतरी उपयोग." मग तो उतरून गेला.

दुपारभर मुलाणींनी खड्डे घेतले. रक्षा घालायचं काम वहिनीने आणि मी केलं. दादाने तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही. ती आपणहून घमेलं घेऊन आली. पहिल्या खड्ड्याशी मी रक्षेचं ढेकूळ फोडत होते, तेव्हा तिने माझ्या हातातून ते घेतलं, चुरून मूठभर बाजूला केलं आणि त्यावर एक घमेलं माती ओतली. मग दुसरं. मग दोन्ही हातांनी कालवायला लागली.

माती किती घालायची हे मुलाणींनी फक्त मला सांगितलं होतं.

"एवढी माती घालायची, हे तुम्हांला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी कशाला सांगाय पायजे. राखंनं भांडी घासती मी. हात बघा माझं." तिने पंजे वर केले. बोटांच्या पेरांना भेगा होत्या, त्यांत रक्षा बसली होती. "माणसाचं कातडं फाटतंय. कवळ्या मुळीचं काय व्हणार? त्या दिवशी तेच सांगाय आले हुते. थोडी माती मिसळा म्हणणार हुते. तर तुम्ही असा हात केला." तिने मी केला होता तसा हात केला. हुबेहूब.

मी पुढचं ढेकूळ फोडायला घेतलं.

"पानं करपाय लागली तवा मी उकरून बघितलं. कळालंच. मग पाणी वाढवलं. म्हणलं, धुऊन खाली जाईल. हापशावरनं सहा कळश्या, सांजसकाळ. टँकरच्या दिसांतबी. प्यायच्या पाण्यातनं घातल्या."

"मग दादाला का नाही सांगितलंत?"

ती हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू, आणि ते मला आवडलं नाही.

"काय सांगू? तुमच्या आईच्या राखंनं झाड जाळलं? सुनंनं सांगायचं हे? वन्सं, तुम्ही पुस्तकं वाचता. जरा तोंडानं म्हणून बघा की, कसं वाटतंय. पाणी घातलं न्हाई म्हणून बोलणी खाल्ली, ती परवडली. आत्याबाईंचं नाव त्यात आलं न्हाई."

"पण झाड मेल्यावरसुद्धा तुम्ही पाणी घालत होतात."

"थांबले असते, तर बघा थांबली म्हणला असता." तिने कालवलेली माती खड्ड्यात लोटली. "पयली कोण म्हणली असती, तेबी सांगू का?"

वर मुलाणींची पहार कातळावर वाजत होती. आम्ही दुसऱ्या खड्ड्याशी गेलो. तिथेही तिने तसंच केलं. मूठभर रक्षा, एक घमेलं, दुसरं घमेलं.

"मुलाणीभाई तुमच्यासंगं बोलत हुते, तवा मी च्या घेऊन वर येत हुते," ती म्हणाली. "ऐकलं. मागं फिरले. म्हणलं, आता ह्या सांगतील. च्या पुन्हा गरम केला, ह्यांची वाट बघितली, आन् संगं आले."

"मी आज सांगते."

"मला कशाला सांगताय."

"रात्री दादाला—"

"आवो, सांगा न्हाईतर नका सांगू. पर माझ्याकडनं पावती घेऊ नका."

बाकीचे अठरा खड्डे आम्ही तसेच भरले. शेवटी उरलेली रक्षा उतारभर पसरून संपली तेव्हा तिने रिकामं घमेलं उलटं करून झटकलं आणि खाली निघून गेली. मी संध्याकाळच्या एस.टी.ने पुण्याला परत आले. दादा फाट्यापर्यंत सोडायला आला होता. वाटेत तो आईबद्दल बोलला, खूप दिवसांनी, मोकळेपणाने. एका खड्ड्याऐवजी आता सगळा डोंगर आईचा, असं दोनदा म्हणाला. ते मोडवेना. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

त्या नऊ दिवसांत मी त्याला दोनदा फोन केला. पत्रावळ्या किती, तेलाचा डबा कुणी आणायचा, हे बोलले.

श्राद्धाच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने निघाले आणि अकरा वाजता घरी पोचले. अंगणात मांडव होता. पुरुष माणसं मागच्या उतारावर फिरून येत होती. खड्ड्यांपाशी थांबून बोलत होती. वीस खड्डे, मधे चाफ्याची काठी. लांबून ते शेतकीच्या प्रयोगासारखं दिसत होतं. मला बघून एकदोघांनी हात जोडले.

वहिनी मागच्या दाराशी होती. येणाऱ्यांच्या हात धुण्यासाठी मोठं पिंप ठेवलं होतं, ते ती हापशावरून आणून भरत होती. नवं लुगडं नव्हतं. ती माझ्या बाजूने गेली, कळशी पिंपात ओतली आणि परत निघाली. मी तिच्या वाटेत उभी राहिले.

"द्या, मी भरते."

"सरा," ती म्हणाली. "तुमचं काम आत हाय."

आत अनुसयाकाकी चुलीपुढे पाट टाकून बसली होती. वड्यांचं तेल तापलं होतं. तिच्या दोन सुना खिरीशी आणि भाजीशी. काकीने मला बघितल्याबरोबर झारा वर केला.

"आली गं माझी बाय. काय केलंस गं तू! समदं गाव तेच बोलतंय. मूठमूठ आई. पोटच्या पोरीलाच सुचायचं हे." मग मागच्या दाराकडे मान करून ती जरा मोठ्याने म्हणाली, "न्हाईतर काहींना एक झाड जगवाय झालं न्हाई."

दादा नैवेद्य किती वेळात होईल ते विचारायला स्वयंपाकघराच्या दारात आला होता. त्याने ते ऐकलं. त्याच्या मागे मांडवातली दोघंतिघं उभी होती.

"झाड मी मारलं," मी म्हणाले.

कुणाला समजलं नाही. काकीने वडा सोडला. तेल चुरचुरलं.

"दादा, ऐक. मी सगळी रक्षा एका खड्ड्यात ओतली. ती राख फार तीव्र असते, तिने मुळं जाळली. मुलाणींनी मला त्याच दिवशी दाखवलं. पाण्याचा काही संबंध नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले. मूठमूठ वाटायचं मला सुचलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं, कारण रक्षा तिथून काढायलाच हवी होती."

दादाचा चेहरा मला वाचता आला नाही. आधी मला वाटलं त्याला राग आला. मग वाटलं, त्याचा राग काढून घेतला म्हणून तो उघडा पडल्यासारखा झालाय.

"ती पाणी घालत होती?" त्याने विचारलं.

"रोज. सकाळ-संध्याकाळ. झाड मेल्यावरसुद्धा."

"तुला कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

काकी झारा धरून बसली होती. वडा तेलात काळा पडत चालला होता. तिच्या सुनेने पुढे होऊन तो काढला.

दादा मागच्या दारात गेला. वहिनी नुकतीच कळशी घेऊन आली होती. तो उंबऱ्यात उभा राहिला. सहा महिन्यांत त्याने तिचं नाव घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"शालन, आत ये. स्वयंपाक तू कर."

वहिनीने कळशी पिंपात ओतली. पिंप अर्धंही भरलं नव्हतं.

"पिंप भरायचं हाय," ती म्हणाली आणि हापशाकडे निघून गेली.

तो तिच्या मागे गेला नाही. ती परत आली तेव्हा त्याने पुढे होऊन कळशीला हात घातला. तिने कळशी सोडली नाही. दोघं क्षणभर एकाच कळशीला धरून उभी राहिली आणि मग त्याने हात काढून घेतला. ती ओतून पुन्हा गेली. हापसा मागच्या बाजूला शंभर पावलांवर होता. त्याचा दांडा करकरत होता, तो आवाज थांबायचा, मग ती दिसायची, मग पाणी ओतल्याचा आवाज. मांडवातलं बोलणं हळूहळू बंद पडलं. कुणीतरी पोरांना गप्प केलं. काकी पाटावरून उठली, पदराला हात पुसला आणि सुनांना घेऊन भिंतीकडेला जाऊन बसली. चूल तशीच जळत होती, तेल तापून धुरायला लागलं तेव्हा मी कढई उतरवून ठेवली. एवढंच काम मी त्या दिवशी केलं.

पिंप काठोकाठ भरल्यावर वहिनीने कळशी पालथी घातली. हातपाय धुतले, पदर खोचला आणि दारातून आत आली. माझ्या अंगावरून गेली. चुलीत दोन लाकडं सारली, कढई वर ठेवली आणि पाटावर बसून वड्यांचं पीठ पुन्हा पहिल्यापासून मळायला घेतलं.

आईचं पान वाढायला तीन वाजले. शंभर माणूस उपाशी बसलं होतं. कुणी घाई केली नाही.